पत्र्यावरचा हात

शेडमध्ये रघूमामांशी मी शेवटचं बोलले ते ओरडून.

मामा गेल्याला आज महिना झाला. कुणाला सांगितलं नव्हतं. इथे लिहितेय.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, आमचे फाउंड्रीवाले काका शेडमध्ये स्वतःचं दोन सीटचं विमान बांधतायत. डिग्री झाल्यावर मी तिथेच लागले. आमच्या घरातली पहिली डिग्री. वडिलांना अजून वाटतं, मी विमान कंपनीत आहे.

आतल्या पत्र्याच्या रंगकामाला काकांनी मुरगूडहून रघूमामांना बोलावलं. तीस वर्षं ट्रक आणि गाड्या रंगवलेला माणूस. माझं त्यांच्याशी नातं काही नाही, पण सगळे मामा म्हणायचे, मीही म्हणायला लागले.

पहिल्या दिवशी त्यांनी पत्रा बघितला आणि म्हणाले, "डेंट न्हाय, पुट्टी न्हाय. मग पेंटरला बोलवलंसा कशाला?"

मग गंभीर चेहऱ्याने, "मागं 'हॉर्न द्या' लिहू काय?"

"वर मागनं कोण येणार आहे, मामा?"

"येतील की! कोल्हापूरची माणसं हाईत. ओव्हरटेक करायला वर पण येतील."

मामांचं खरं हत्यार म्हणजे त्यांचा तळहात. डोळे मिटून गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवायचे आणि डोळ्यांना न दिसणारा खड्डा सांगायचे.

आणि मी त्यांना नेमकं तेच करू दिलं नाही.

कारण हा पत्रा ॲल्युमिनियमचा, रंग सहज धरत नाही. आधी घासायचं, साबणाने धुवायचं, मग वरून पाणी ओतून बघायचं. पत्रा स्वच्छ असेल तर पाणी एकसंध पसरतं. कुठे बोटाचं तेल राहिलं असेल तर तिथे पाणी तुटतं, थेंब होऊन बाजूला सरकतं. तिथे मारलेला प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, आज चांगला दिसतो, पण पुढेमागे पापुद्रा सुटतो.

म्हणून मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: धुतलेल्या पत्र्याला हात लावू नये.

मामा चौथी शिकलेले. रोज आल्या आल्या ते मोठ्याने वाचायचे आणि हातमोजे घालायचे.

"हातमोजा घातला की हात आंधळा हुतोय बघ, इंजिनेरबाई."

पण घालायचे.

त्या दिवशी दुपारी सीटच्या मागचा मोठा पत्रा तयार झाला होता. सकाळपासून दोघं घासत होतो. पाणी ओतलं, कुठे तुटलं नाही. पुसून वाळवला. मामांनी प्रायमर कालवायला घेतला. मी रंग फवारायच्या गनला हवेचा पाइप जोडत होते.

वळून बघितलं तर मामांचा हातमोजा खाली पडलेला. आणि उघडा तळहात पत्र्यावर. अख्खा. दाबून.

"मामा! हात! सकाळपासून घासतोय आपण. एवढं कळत नाही का तुम्हाला?"

त्यांनी हात लगेच काढला.

"चुकलं बाई. जरा गरगरलं."

मी फक्त 'चुकलं' ऐकलं.

ते डब्यावर बसले. पाणी मागितलं.

मी आधी त्या डागाभोवती टेप लावली. धुताना जागा सापडावी म्हणून. मग पाणी आणायला गेले.

आले तर त्यांचा हात छातीवर, शर्ट घामाने भिजलेला, चेहरा राखेसारखा. काकांनी गाडी काढली. मागच्या सीटवर त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मला काहीही सुचत नव्हतं. चार वर्षं शिकले. कुठला रिवेट किती ताण घेतो ते सांगू शकते. छातीत कळ आलेल्या माणसाला काय करायचं, ते मला येत नव्हतं.

मी नुसती म्हणत राहिले, "आलं मामा, आलं हॉस्पिटल."

ते म्हणाले, "प्रायमर कालवलाय. घट्ट हुईल. जाऊन मारून घे."

त्यानंतर ते बोलले नाहीत.

संध्याकाळी मी शेडवर आले तेव्हा डब्यात प्रायमरचा दगड झाला होता. ढवळायची पट्टी त्यात उभीच्या उभी.

मुरगूडला भेटायला गेले तेव्हा मामींनी माझा हात धरून विचारलं, "शेवटी काय बोललं ग?"

मी म्हटलं, "प्रायमरचं."

त्या म्हणाल्या, "घरी सांगायचे, पोरगी लई वरडती, पर बरोबर वरडती."

त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिनाभर त्या पत्र्यावर चादर होती. काका एकदाही घाई कर म्हणाले नाहीत. काल फक्त म्हणाले, "तुला जमत नसलं तर दुसऱ्याकडून करून घेऊ."

दुसऱ्याकडून नको होतं.

आज सकाळी चादर काढली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, नुसती टेपची चौकट. का कोण जाणे, धुण्याआधीच मी पाणी ओतलं.

सगळीकडे पसरलं. चौकटीत तुटलं.

पाच बोटं. अंगठ्याखालचा फुगीर भाग. करंगळी जरा वाकडी होती मामांची, तीसुद्धा.

 वाटलं, राहू दे. सीटच्या मागे आहे, कोण बघणार आहे.

पण तिथे रंग सुटला असता. आणि तो सुटला असता मामांच्या हातामुळे.

घासलं. साबणाने धुतलं. परत घासलं. पाणी ओतलं. वाकडी करंगळी अजून थोडी होती. परत घासलं.

शेवटी पाणी कुठेच तुटलं नाही. अख्ख्या पत्र्यावर सपाट उभं राहिलं, आणि त्यात माझाच चेहरा.

मग प्रायमर कालवला. घट्ट व्हायच्या आत मारून घेतला.

मामा, तुम्ही गरगरलं म्हणालात. मी ऐकलं नाही.

हातमोजे काढून नमस्कार करते.