बाल्कनीतली पहिली टाळी

आमचे थोरले साडू, ज्यांना घरात आणि घराबाहेर सगळेच अण्णा म्हणतात, एका मोठ्या छापखान्यात यंत्रावर होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एकाच मशिनशेजारी उभं राहून काढली. त्या मशिनच्या आवाजात बोलणं शक्य नसे, म्हणून तिथली माणसं हातवारे करत. कागद संपला, शाई वाढव, चहा आला, सगळ्याला खुणा होत्या. अशा माणसाला गाण्याचं वेड लागेल असं कोणाला वाटलं नव्हतं. ते लागलं फुकटच्या पासामुळे. ऑपेराच्या थिएटरची पोस्टरं त्यांच्याकडे छापली जात. एकदा थिएटरवाल्यांनी छापखान्यात पास पाठवले, ते कोणालाच नको होते. वाया जाऊ नयेत म्हणून अण्णा गेले, आणि मग जातच राहिले. निवृत्तीनंतरही रविवारचा दुपारचा खेळ त्यांनी कधी चुकवला नाही.

ऑपेरा म्हणजे सबंध गायलेलं नाटक. त्यात साधं बोलणं नसतंच. 'दार लाव' म्हणायचं तरी वाद्यवृंदाच्या साथीने म्हणतात. ताई, म्हणजे अण्णांच्या पत्नी आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, लग्नानंतर एकदा त्यांच्याबरोबर गेल्या होत्या. "पोटात सुरी खुपसलेली, आणि बाई अर्धा तास गातेय," असा त्यांनी अभिप्राय दिला. "आपल्याकडे बोट कापलं तरी माणूस आधी चिंधी शोधतो." त्यानंतर रविवारी दुपारी अण्णा थिएटरात आणि ताई घरी आडव्या, अशी वाटणी झाली. दोघांनाही ती मानवली.

अण्णा वरच्या बाल्कनीत बसत. तिथे नेहमीचं एक मंडळ जमलेलं असे. औषधाच्या दुकानाचे मालक, शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई, आणखी पाचसात जण. या मंडळात अण्णांना मान होता आणि तो टाळीमुळे होता. ऑपेरात टाळी कुठे वाजवायची हे वाटतं तितकं सोपं नसतं. गाणं संपलंसं वाटतं आणि संपलेलं नसतं. वाद्यं थांबतात, गायिकेचा सूर मात्र बारीक होत होत चाललेला असतो. नवखा माणूस नेमका तिथे फसतो आणि आजूबाजूचे लोक त्याच्याकडे वळून बघतात. अण्णांना ती जागा बरोबर कळायची. शेवटचा सूर छताशी विरून गेला की त्यांचे रुंद पंजे एकदा वाजत, पाठोपाठ सगळी बाल्कनी आणि मग खालचे लोक. त्यांना नावच 'पहिली टाळी' पडलं होतं. "पहिली टाळी आली का?" असं औषधवाले तिसऱ्या घंटेच्या आत विचारत. घरात अण्णांचा शब्द फारसा चालत नसे, आणि छापखान्यात शब्दालाच जागा नव्हती. शेदीडशे माणसं ज्याच्याकडे बघून काही करतात, असं त्यांच्या आयुष्यात हे एवढंच ठिकाण होतं.

दर खेळ चांगला निघे असंही नाही. एकदा राजपुत्राचं काम करणारा गायक पडशाने बेजार होता आणि प्रेमाच्या गाण्यात दोनदा शिंकला. एकदा पडदा अर्ध्यावर अडकला आणि शोकान्त शेवट प्रेक्षकांनी फक्त पात्रांच्या गुडघ्यांवरून ओळखला. ज्या गायिकेसाठी महिनाभर आधी तिकीट काढावं ती आयत्या वेळी आजारी पडे, व्यवस्थापक पडद्यापुढे येऊन हात जोडे, आणि बदली आलेली मुलगी भीत भीत गाई. अण्णा हे सगळं घरी येऊन रंगवून सांगत. मग कधीतरी, काही कारण नसताना, सगळं जुळून येई. त्या दिवशी ते काहीच सांगत नसत. ताई त्यावरून ओळखायच्या. "आज मुकाट्याने जेवताहेत, म्हणजे चांगलं झालेलं दिसतंय."

गेली काही वर्षं मात्र मुकाट्याने जेवण्याचे दिवस येईनासे झाले. अण्णांची तक्रार एकच होती, हल्लीच्या गायकांना आवाज राहिलेला नाही. वाद्यवृंदही अंग चोरून वाजवतो. "पूर्वी सूर वर बाल्कनीत येऊन बसायचा आपल्या शेजारी. आता खालच्या खाली विरतो," असं ते म्हणत. औषधवाले मान डोलवत, कारण अण्णा म्हणतात म्हणजे तसंच असणार.

घरी ताईंची तक्रार निराळी होती. टीव्हीचा आवाज इतका मोठा असे की शेजारी मालिका आपल्या घरात बसून ऐकत. दारावरची घंटा अण्णांना कळत नसे. "मला म्हणतात, तू पुटपुटतेस," ताई मला म्हणाल्या. "मी पुटपुटते? माझा आवाज तीन मजले ऐकू जातो असं सासूबाई म्हणायच्या, आणि ते काही कौतुकाने म्हणत नव्हत्या." मग आवाज न उतरवताच म्हणाल्या, "कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की यांचं घोडं पेंड खातं. तुम्ही एकदा जाऊन बसा त्यांच्याशेजारी. यांना तिथे तरी ऐकू येतं का, तेवढं मला सांगा."

म्हणून एका रविवारी मी गेलो. त्या दिवशीच्या कथेत दीपगृहाच्या राखणदाराची मुलगी बुडालेल्या गलबताची वाट बघत असते. दिग्दर्शक नव्या विचारांचा होता. रंगमंचावर दीपगृह नव्हतं, एक सरकारी वाटावी अशी कचेरी होती, आणि मुलगी लोखंडी कपाटावर उभी राहून वाट बघत होती.

"समुद्र कुठाय?" अण्णांनी विचारलं.

"त्या निळ्या फायली दिसताहेत ना," औषधवाले म्हणाले, "तो समुद्र."

"मग भरतीला काय करतात, टपाल वाढवतात?"

मागच्या रांगेतून कोणीतरी शूः केलं. गायिका तरुण होती आणि मला तरी तिचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. पहिल्या अंकाच्या शेवटी तिचं मोठं गाणं होतं. वाद्यं एकेक करून थांबली, आणि उरला फक्त तिचा सूर. तो ती हळूहळू कमी करत नेत होती. सभागृहात कोणी हलत नव्हतं. सूर अजून चालू होता. तिचे ओठ उघडे होते, आणि तो बारीक आवाज अगदी आमच्या रांगेपर्यंत येत होता.

अण्णांनी टाळी वाजवली.

एकट्याची टाळी असती तर निभावलं असतं. पण बाल्कनीला अण्णांच्या टाळीवर भरवसा ठेवायची सवय. निम्मी बाल्कनी लगेच त्यांच्यामागे वाजवायला लागली आणि त्या गदारोळात तो सूर बुडाला. गायिकेने तोंड मिटलं. खालच्या रांगांतली माणसं माना वर करून बघायला लागली. पडदा पडला. अण्णा अजून वाजवतच होते.

मध्यंतरात मंडळ जिन्याशी चहा घेऊन उभं राहिलं. बराच वेळ सगळे कचेरीवरच बोलत होते. शेवटी औषधवाले म्हणाले, "अण्णा, आज जरा घाई झाली का?"

"कसली घाई?"

"टाळीची."

"संपलं होतं की."

गाण्याच्या बाई कपातल्या चहाकडे बघत म्हणाल्या, "सूर चालू होता हो. फार बारीक होता, पण होता."

"मग दम नाही तिच्यात. पोचायला नको?" अण्णा म्हणाले. ते माझ्याकडे वळले. "साडूभाऊ, तुम्ही तर पहिल्यांदाच आलात. तुम्हाला येत होता ऐकू?"

नाही म्हणालो असतो तर दोष गायिकेवर गेला असता आणि अण्णांची जागा शाबूत राहिली असती. मंडळही खुशीने माझ्या बाजूला आलं असतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं.

"हो," मी म्हणालो. "तुम्ही टाळी वाजवेपर्यंत येत होता."

अण्णांनी कप कठड्यावर ठेवला. घंटा झाली, ती त्यांनी ऐकली नसावी. लोक आत जायला लागले तसे तेही आत आले. दुसऱ्या अंकात ते हात मांडीखाली घेऊन बसले. शेवटचं गाणं संपलं, खरोखरच संपलं, आणि बाल्कनी त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी हात काढले नाहीत. सगळीकडे अवघडल्यासारखी शांतता झाली. गायिका कपाटावर तशीच उभी. अखेर खालून कोणीतरी दोनचार टाळ्या दिल्या आणि लोक सुटले.

घरी ताईंनी दार उघडलं आणि आधी माझ्याकडे पाहिलं. मी काही सांगायच्या आत अण्णाच म्हणाले, "त्या डॉक्टरची वेळ घे."

"कुठल्या डॉक्टरची?" ताईंनी मुद्दाम विचारलं.

"कानाच्या. आणि ओरडू नकोस."

"मी पुटपुटतेय," ताई म्हणाल्या.

कानाचं यंत्र आलं. पहिले काही दिवस अण्णा त्याच्यावर इतके रागावले की ते खिशातच राहायचं. ऐकू येत होतं, पण नको ते सगळं. वर्तमानपत्राचं पान उलटलं की पत्रा फाटल्यासारखं वाटे. त्याच ऑपेराचा शेवटचा खेळ उरला होता. त्या रविवारी ताई म्हणाल्या, मीही येते. कारण विचारलं तर म्हणाल्या, "कपाटावर चढलेली बाई मला बघायचीय." तिघेही गेलो.

बाल्कनीत अण्णांना जागा करून दिली गेली. कोणी मागचा विषय काढला नाही. खेळ सुरू झाला आणि अण्णा दर मिनिटाला कपाळाला आठ्या घालत होते. पुढे कोणी गोळीचा कागद सोडत होतं, बाजूला कोणाची खुर्ची करकरत होती, आणि यंत्र ते सगळं गाण्याच्या वर चढवून देत होतं. ताई मात्र पुढे वाकून बघत होत्या. पहिल्या अंकाच्या शेवटी, त्याच गाण्यात, सूर बारीक व्हायला लागला तसे अण्णा एकदम स्थिर झाले. तो त्यांना ऐकू येत होता. पत्र्याच्या डब्यातून यावा तसा, असं त्यांनी नंतर सांगितलं. पूर्वीचा गोडवा त्यात नव्हता. पण तो कुठवर गेला आणि कुठे संपला, हे त्यांना कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मलाही कळलं.

औषधवाले त्यांच्याकडे बघत होते. मागची रांगही बघत होती. अण्णांनी हात उचलले नाहीत. त्यांनी गाण्याच्या बाईंकडे पाहिलं आणि मानेने खूण केली, तुम्ही. बाई गोंधळल्या. पर्स खुर्चीवर ठेवली, चष्मा सारखा केला, आणि मग टाळी दिली. बाल्कनी त्यांच्यामागे गेली.

आता तीच पद्धत पडली आहे. परवा अण्णा जेवताना म्हणाले, "बाई टाळीला उशीर करतात. सूर संपून किती वेळ होतो. माझं लक्ष असतं."

"मग तुम्ही वाजवा," ताई म्हणाल्या.

"नको," अण्णा म्हणाले. "उशिराने कोणाचं काही बुडत नाही." आणि पुढे मुकाट्याने जेवले.