ठणक थांबली तेव्हा

“ताई, आता शेक नको. ठणक थांबनी,” भटूभाऊ हसत म्हणाले आणि मी हातातली शेकाची पिशवी खाली ठेवली.

आदल्याच दिवशी हा माणूस बायकोच्या आधाराने कोसाडच्या माझ्या क्लिनिकमध्ये आला होता. मी फिजिओथेरपिस्ट. भटूभाऊ मूळचे अमळनेरकडचे, इथे लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, कारागीर. उजवा खुबा धरून कण्हत होते. “कंबर चांगली शे. खुबाच दुखस,” एवढंच पालुपद.

खुबा मी सगळीकडून फिरवून पाहिला. तो बिनतक्रार फिरला. पण उताणं झोपवून पाय सरळ उचलला, तर कळ थेट पोटरीपर्यंत. म्हणजे दुखणं कमरेचं. दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, सरकली की पायाकडे जाणारी नस दाबली जाते. मग कंबर गप्प बसते आणि बोंब खुबा मारतो. मी शेक दिला, एमआरआय लिहून दिला, आराम सांगितला.

‘कमरेचं’ एवढं ऐकून घरच्यांनी गाठलं शेजारच्या मावशींना. मावशी पायाळू, म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले. पायाळू माणसाने कमरेला लाथ मारली की उसण जाते, हा आपल्याकडचा जुना समज. सकाळी लाथ मारून झाली होती. आता मावशी माझ्याच बाकावर ऐटीत बसल्या होत्या.

“एका लाथमा गयं ना दुखणं!” मावशी म्हणाल्या.

“भटूभाऊ, पायाचा पंजा वर उचला.”

उचलला गेला नाही. पडदा ओढून बैठकीच्या जागी कापूस फिरवला, तर त्यांना कळलंच नाही. मी खरंच घाबरले. मावशींना आणि भटूभाऊंच्या बायकोला, वहिनींना, बाहेर पाठवलं, दार लावलं.

“लघवी होते का?”

मान खाली. “सकायपासून नही व्हयनी. बायासमोर कसं सांगू?”

लघवी-संडासचा ताबा सांभाळणाऱ्या नसांचा जुडगा दबला होता. ठणक बरी होऊन नाही, नसा बधिर होऊन थांबली होती. उशीर झाला तर हा ताबा कायमचा जातो. तेवढ्यात लूमच्या गुजराती शेठचा फोन. भटूभाऊंनी तो माझ्याच हातात दिला.

“बेन, गोळी आपी दो ने. सांजे पाळी छे एनी.”

“गोळीने भागणार नाही, संध्याकाळची पाळीही नाही. ऑपरेशन लागेल, लगेच.”

रिक्षात वहिनी एकच विचारत होत्या, “ताई, बरं व्हई ना?” मी हॉस्पिटलला फोन लावत होते. ऑपरेशन थिएटरबाहेर मावशी आपल्याच पायांकडे बघत बसल्या होत्या. लाथेनं झालं की होणारच होतं, सर्जनही सांगू शकले नाहीत.

संध्याकाळपर्यंत दाब काढला गेला. लघवीची नळी पुढे बरेच दिवस राहिली, मग निघाली. चालताना पंजा अजून थोडा घासतो. भटूभाऊ आता बसून करायच्या कामावर आहेत.

कण्हत येणाऱ्या पेशंटला मी आजही आधी झोपवून तपासते. ‘ठणक थांबली’ म्हणत हसत येणाऱ्याला मात्र दारातच लघवीचं विचारते. लोक चिडतात. चिडू देत.