सोनेरी डबीला कुंकू

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या थंडीत माणसाला काय काय खुळं सुचतात! मला जपानी चहाचा क्लास सुचला. वर्षभर वज्रासनात बसून गुडघ्यांचं वाटोळं करून घेतल्यावर आमच्या जपानी बाई म्हणाल्या, ‘‘या रविवारी चहा तू करायचास.’’ वर त्यांच्या घराण्यातली डबी मला सरावासाठी घरी नेऊ दिली! हिरव्या चहाची पूड ठेवायची लाकडी डबी. झाडाच्या चिकाचे लेप देऊन देऊन काळीभोर, चकचकीत केलेली आणि झाकणावर सोन्याच्या भुकटीनं काढलेलं गवत. घासायची नाही, ओलं फडकं लावायचं नाही. तिला काही झालं असतं, तर बाईंनी पुन्हा मला साधा चमचाही हातात दिला नसता. येताना मी तिला सीटबेल्ट लावला होता. खरंच!

रविवारी सकाळी बघते तर टेबलावर डबी नाही. नागपूरहून आलेली माझी आई शांतपणे म्हणाली, ‘‘देवापाशी आहे. एवढी सोन्याची वस्तू घरात आली, अशीच वापरतात का?’’

झाकणावर, गवताच्या ऐन मधोमध, कुंकवाचं ठसठशीत बोट!

‘‘आई! अगं, उसनी आहे ती!’’

‘‘मग? शेजारच्यांची नवी गाडी आपली होती का? तिलाही लावलंच ना मी?’’

आता हिला काय बोलणार, कप्पाळ! रेशमी रुमालानं टिपलं तेवढं निघालं, पण सोन्याच्या पात्यांच्या कडेनं लाली राहिलीच. जोर लावला तर सोनं जायचं. डबी तशीच रुमालात गुंडाळून मी गाडी काढली. शेजारी आई पाहुणी म्हणून पैठणी नेसून बसलेली.

चहा झाला, फेसही झकास आला. मग पाहुण्यांनी डबी निरखायची रीत असते आणि मुख्य पाहुण्यानं कारागिराचं नाव विचारायचं. मुख्य पाहुण्या होत्या बाईच. त्या डबीवर वाकल्या आणि गवतापाशी थांबल्या. थांबल्या त्या थांबल्याच!

‘‘नक्षी कोणाची?’’ त्यांनी विचारलं.

पाठ केलेलं उत्तर माझ्या डोक्यातून साफ उडालं. ‘‘सोनं क्योटोच्या कारागिराचं,’’ मी म्हणाले, ‘‘आणि लाल... माझ्या आईचं. नव्या वस्तूला आम्ही लावतो.’’

बाईंनी आईच्या कपाळाकडे पाहिलं. मग डबीकडे. पुन्हा कपाळाकडे. आणि वर्षभरात ज्यांचे दात मी पाहिले नव्हते त्या बाई तोंडावर हात ठेवून अशा काही खिदळायला लागल्या की मलाही आवरेना. काही न कळताच आईही हसत सुटली. हसता हसताच बाईंनी डबी रुमालात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. ‘‘आई इथे आहे तोवर राहू दे तुमच्याकडे.’’

मी आनंदानं टुणकन उठले आणि बधिर पायांमुळे थेट चटईवर आडवी झाले. डबी मात्र छातीशी घट्ट! पडल्या पडल्याच आईला सगळं मराठीत सांगितलं.

‘‘बरं झालं बाई,’’ आई म्हणाली, ‘‘घाईत हळद लावायची राहूनच गेली होती.’’