‘आपण’ म्हणजे कोण

सोमवारी साडेअकराच्या सुमारास लोणी काळभोरपाशी एका ट्रकने भाऊंना धडक दिली. ते रस्त्याच्या कडेला बसून सायकलचे पंक्चर काढत होते. शर्यतीचा तिसरा दिवस होता. मी शाळेत आठवीच्या वर्गावर होतो. शिपाई निरोप घेऊन आला तेव्हा भाऊ गेले होते.

खडकी बाजारामागच्या चाळीत ते आमचे शेजारी. कारखान्यात फिटर होते, वय एकेचाळीस. त्यांना भाऊ म्हणणारे आम्ही मोजकेच. बाकी सगळ्यांसाठी ते ‘आपण’ होते, कारण त्यांनी स्वतःला ‘मी’ म्हटलेले कोणी ऐकले नव्हते. ‘आपण जेवून आलो.’ ‘आपल्याला तिखट चालत नाही.’ नळावर बायकासुद्धा विचारायच्या, “आज ‘आपण’ दिसले नाहीत ते?” तळमजल्यावरचे देवधर, निवृत्त कारकून, एकदा ओट्यावरून म्हणाले, “आपण येणार म्हणजे नक्की किती जण? तेवढ्या खुर्च्या मांडतो.”

“आपण, सायकल आणि पंप,” भाऊ म्हणाले. “खुर्ची एकच पुरे.”

मी मराठीचा मास्तर. मला ते खटकायचे. एकदा समजावून सांगितले की भाऊ, ‘आपण’ म्हटले की त्यात ऐकणाराही येतो.

“येऊ दे की,” ते म्हणाले. “आपली काही हरकत नाही.”

दुसरी सवय म्हणजे कुठलीही गोष्ट ते एकदाच मागत. वहिनींकडे चहा मागितला आणि स्टोव्हच्या आवाजात त्यांना ऐकू गेले नाही, तर तसेच कामावर निघून जात. वहिनी चिडत. “अहो, पुन्हा हाक मारली असती तर काय तोंड दुखलं असतं का?” त्यावर भाऊंचे उत्तर ठरलेले. “एकदा सांगितलं की ते सांगणं. दुसऱ्यांदा सांगितलं की ती गळ झाली. आपण गळ घालत नाही.” मला तेव्हा हा मानीपणा आवडायचा. एकदा मी तो वर्गात उदाहरण म्हणूनही सांगितला होता.

सायकल मात्र त्यांनी लाडात ठेवली होती. रविवारी सकाळी लोणावळ्याला जाऊन जेवायला घरी परत येत आणि दुपारी तिला पुसत बसत. चाळीतल्या कोणाचीही सायकल दिसली की जाता जाता टायर अंगठ्याने दाबून पाहत. हवा कमी वाटली तर आतून पंप आणून भरत. कोणी आभार मानले तर ऐकल्यासारखे दाखवत नसत.

ती शर्यत हौशी लोकांची होती, तीन दिवसांची. पहिल्या दिवशी पुणे ते सातारा, दुसऱ्या दिवशी बारामती, तिसऱ्या दिवशी परत पुणे. बाकीचे स्पर्धक मंडळांकडून येत. त्यांच्यामागे जीप असे. जीपमध्ये जादा चाके, ग्लुकोज आणि ओरडायला चार माणसे. भाऊ एकटे उतरत. पहिल्या वर्षी खंबाटकीच्या घाटात चेन तुटली आणि तिथेच संपले. दुसऱ्या वर्षी यवतपर्यंत आले. पायात गोळे आले, उभे राहवेना, तेव्हा सायकल टेम्पोत टाकून घरी आले. देवधरांनी विचारले, “टेम्पोचा कितवा नंबर आला?” सगळे हसले, भाऊही हसले. पण त्यानंतर आठ दिवस त्यांनी सायकल पुसली नाही. नवव्या दिवशी मला म्हणाले, “मास्तर, आपल्याला बक्षीस नको. एकदा पुण्यात सायकलवर बसून शिरायचंय, बास.”

तिसऱ्या वर्षी शर्यतीच्या महिनाभर आधी मी स्कूटर घेतली. भाऊंनी ती फिरून फिरून पाहिली. “घाटात ओढते का हो?” असे विचारले. ओढते म्हणालो. कुतूहल असेल असे मला वाटले. गुरुवारी संध्याकाळी मी सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो. ते दारात येऊन उभे राहिले.

“शनिवारी पहाटे पाचला निघायचं आपण, मास्तर.”

“जपून जा, भाऊ,” मी म्हणालो. वर पाहिले नाही.

ते थोडा वेळ फडक्याने हात पुसत राहिले. मग म्हणाले, “बरं.” आणि गेले.

शुक्रवारी ते माझ्या स्कूटरचे टायर अंगठ्याने दाबताना दिसले. त्यात नवे काही नव्हते. शनिवारी पहाटे पाचला खिडकीखाली सायकलची घंटा वाजली. एकदाच. मी कूस बदलली.

सोमवारी लोणीला पोचलो तेव्हा रस्त्यावर माती टाकलेली होती. समोरच्या चहावाल्याने सगळे पाहिले होते. “म्या म्हनलं, पाव्हनं, टेम्पो हाय आपला, टाका सायकल, हडपसरला सोडतो. तर म्हनले, नको. आपला मानूस मागं हाय, स्कूटरवर येतोय. त्यो आला की हुईल.” भाऊंनी टेम्पो टाळायला ही थाप मारली असणार, असे मी त्या दिवशी स्वतःला समजावले.

तेराव्यानंतर शर्यतीच्या मंडळाचा एक कार्यकर्ता भाऊंची पिशवी घेऊन आला. वहिनींना भेटून तो माझ्याकडे वळला आणि अर्ज पुढे केला. “हे तुम्हीच ना?” मंडळ नसलेल्या स्पर्धकाने वाहनावरून सोबत येणाऱ्या माणसाचे नाव द्यायचे, असा त्या वर्षी नवा नियम होता. त्या रकान्यात भाऊंच्या अक्षरात माझे पूर्ण नाव होते, हुद्द्यासकट.

“सुटताना विचारलं तर म्हणाले, मास्तरांना शाळा आहे, साताऱ्याला गाठतील. साताऱ्यात म्हणाले, बारामतीला येतील,” तो म्हणाला. “आम्ही तरी किती विचारणार? सोबत नाही म्हटलं तर बाद करावं लागलं असतं.” जाताना त्याने, तुम्ही कुठे अडकला होता, असेही विचारले. मी शाळेत होतो, असे सांगितले. ते खरेच होते.

मी आलो नाही हे त्यांना शनिवारी पाचलाच कळले होते. मग तीन दिवस ते नियमातून सुटण्यासाठी माझे नाव घेत होते की खरोखर वाट पाहत होते, हे मला अजून ठरवता आलेले नाही. वहिनींना मी एकदा विचारले. त्या म्हणाल्या, “मला म्हणाले होते, मास्तर आहेत बरोबर, काळजी करू नकोस.” मग त्या आत गेल्या. पुढे त्या भावाकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी पंप माझ्याकडे दिला.

त्यानंतर एकोणीस वर्षे मी आठवीला सर्वनामे शिकवली. ‘आपण’ या शब्दाचे अर्थ फळ्यावर लिहायचो. स्वतः. आदराने तुम्ही. बोलणारा आणि ऐकणारा मिळून. मुले वहीत उतरवून घेत.

आता मी निवृत्त आहे. स्कूटर नाही. अर्ज कपाटात आहे. पंप दाराबाहेर खिळ्याला टांगलेला असतो. चाळीत ज्याला लागतो तो घेऊन जातो आणि परत आणून लावतो. तो मागावा लागत नाही.