कोरी जागा सोडणारे पराते

मुरलीधर पराते माझ्या टेबलापाशी प्रथम आले ते अर्ज लिहून घेण्यास नव्हे, तर माझे अर्ज वाचण्यास. नागपूरच्या कचेरीबाहेर लिंबाखाली मी अर्जनवीस म्हणून बसतो. शिक्षण सातवीपर्यंतच, परंतु माझ्या मसुद्यास वकीलही हात लावीत नाहीत. परात्यांनी तीन अर्ज वाचले आणि म्हणाले, "दादा, 'सविनय'पासून 'आज्ञाधारक'पर्यंत तिन्हींत सारं तेच. मधातल्या चार ओळी तेवढ्या वेगळ्या. मग रोज नवा अर्ज काहून लिहून राहिले तुम्ही?" मी आठ दिवस अबोला धरला.

पराते कोष्ट्यांच्या घरचे, आणि कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणारे. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत शहरात असे गृहस्थ मोजकेच. त्यांच्या कंपनीस दवाखाना, वाचनालय आणि शाळा अशी तीन कामे मिळाली. मालक म्हणत, तीन प्रोग्रॅम वेगवेगळे लिहा. पराते म्हणत, नावनोंदणी, शोध, यादी तिघांची एकच. पाया एकदाच घालू. "आमच्या घरी एकाच ताण्यावर चार लुगडी निघत. मधात चार बोटं ताणा कोरा सोडत. पदर ज्याचा त्याचा!" मालकांनी बजावले, सोमवारी कागदावर पटवा, नाहीतर वर्षभराचे काम गुंडाळा.

परात्यांचे अक्षर त्यांचे त्यांनाच लागत नसे, म्हणून त्यांच्या आराखड्याची सुवाच्य प्रत मी केली. त्यांनी जागोजाग कोऱ्या चौकटी ठेवल्या होत्या. आता अर्जनवीसाचा धर्म असा की, कोरी जागा दिसताच आडवी रेघ मारावी, मागाहून कोणी भलते लिहू नये. मी एकूण एक चौकट बुजवली.

सोमवारी संध्याकाळी पराते आले. "काय करून ठेवलं गा दादा! उद्याची गिऱ्हाइकं त्याच चौकटींत बसणार होती!"

"मग?" मी विचारले.

"मग काय! मालकाले म्हटलं, लिहिणारा भेते, मागून कोणी भलतं घुसवंल म्हणून, ते बरोबरच आहे. चौकट उघडी ठेवू, पण तिच्यात कोण शिरू शकते, तेही आपणच लिहून ठेवू. मालक हसले. म्हणाले, करा."

चौथे गिऱ्हाईक निघाले गुरांचा दवाखाना. तोही आठवड्याभरात त्याच पायावर उभा राहिला. "माणसाच्या जागी म्हैस बसवली," पराते टपरीवर सर्वांना सांगत. "दादांच्या रेघा राहिल्या असत्या तर बिचारी फाटकातच रवंथ करत बसली असती."

पुढे त्यांना पुण्याची नोकरी लागली. राजीनामा मीच लिहिला. सहीखाली वीतभर जागा उरली आणि सवयीने माझी लेखणी टेकली. त्यांनी मनगट धरले. "राहू द्या ना दादा. परत आलो तर याच कागदावर रुजू होतो."

ते आले नाहीत. राजीनाम्याची नक्कल, तीच वीतभर जागा सोडून, माझ्या पेटीत आहे. त्या जागेवर मी अद्याप रेघ मारलेली नाही.