काकांच्या बेसमेंटमधलं मध्यंतर

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. चार माणसं दर रविवारी त्याच सोफ्यावर बसली, की फटीत शेंगदाणे साचतात तसे ते साचतात. आमचे साचले शिकागोजवळच्या नेपरव्हिलला, दातेकाकांच्या बेसमेंटमध्ये. पुण्यात फिल्म सोसायटी चालवलेले काका रिटायर होऊन मुलाकडे राहायला आले होते. २००२चा हिवाळा. कंपन्या धडाधड माणसं काढत होत्या, आणि काका आम्हाला जर्मनांच्या ताब्यातल्या इटलीचे, भूमिगतांचे सिनेमे दाखवत होते. जणू आमचे मूड आधी फार चांगले होते! प्रेक्षक तीन: मी, एका कंपनीत टीम लीड असलेला सुनील आणि त्याच्याच टीममधला मिलिंद.

*

सिनेमा इटालियन असला तरी मध्यंतर आपलंच, हा काकांचा नियम. निम्मा वेळ झाला की पॉज. एकदा शिपाई दार ठोठावत असतानाच त्यांनी बटण दाबलं. आत अख्खं कुटुंब जीव मुठीत धरून उभं, आणि आम्ही बटाटेवडे खातोय.

मिलिंद म्हणाला, "काका, एक वडा त्या शिपायाला द्या. तेवढंच त्याचं लक्ष दुसरीकडे जाईल."

*

मिलिंदची आई नागपूरहून आली होती. पडद्यावर पावासाठी रांग लागलेली. काकांनी समजावलं, हे नट नाहीत, रस्त्यावरची खरीखुरी माणसं आहेत.

मावशींनी विचारलं, "मग शूटिंग झाल्यावर त्यांना जेवायला घातलं का?"

काकांनी बरीच पुस्तकं वाचली होती. पुढच्या रविवारपर्यंत त्यांनी ती सगळी पुन्हा चाळली.

*

एका रविवारी मिलिंद लवकर गेला. सुनील मात्र कोट घालून तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "मॅनेजरला एक नाव हवंय. माझ्या टीममधलं. पुढच्या सोमवारपर्यंत."

टीम लहानशी. एकाच्या बायकोची केमो चालू, दुसऱ्याने नुकतंच घर घेतलेलं. उरला मिलिंद. तो व्हिसावर, बायकोला सातवा महिना. नोकरी गेली की सामान बांधायचं. सुनीलचंही ग्रीन कार्ड अर्ध्यावर होतं.

काका सल्ला द्यायला कधी चुकत नसत. त्या दिवशी ते उठून वड्यांच्या बशा गोळा करायला लागले. मला फार भीती वाटली.

*

पुढच्या रविवारचा सिनेमा आधीच आणलेला होता. पकडलेल्या माणसाला अधिकारी शांतपणे सांगतो, एकच नाव दे आणि घरी जा. आणि नेमकं निम्मं झालं. पॉज.

मिलिंदने सुनीलच्या हातात चहा दिला. "देऊन टाकावं की यार एक नाव. ह्याला बायको-पोरं आहेत. मी असतो तर देऊन मोकळा झालो असतो."

सुनील म्हणाला, "ज्याचं देणार, त्यालाही असतील ना."

"त्याचं तो बघेल," मिलिंद म्हणाला आणि वडा घ्यायला उठला.

*

सोमवारी संध्याकाळी सुनीलचा फोन आला. "दिलं नाव," एवढंच म्हणाला. कुणाचं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. तो आठवडा मी मिलिंदच्या बायकोला फोन करायचंही टाळलं.

रविवारी मिलिंद एकटाच आला. बूट न काढता पायरीवरच बसला.

"सुनीलला काढलं, काका. लीडलाच! घर आवरतोय, महिनाअखेरीला इंडिया." त्याचे डोळे भरून आले होते. "कुणीतरी त्याचं नाव दिलं असणार. असलीही माणसं असतात, यार."