बाबांचं कटिंग टेबल

मुकुटबनचं दुकान बंद करून बाबा पांढरकवड्याला माझ्याकडे राहायला आले, तेव्हा टेम्पोत त्यांच्या दोन पिशव्या होत्या आणि कापड कापायचं टेबल होतं. सागवानाची अखंड फळी, सात फूट लांब, चार फूट रुंद. पाय खोलले तरी ती एकट्या-दुकट्यानं हलत नव्हती. त्या टेबलावर बाबांनी चाळीस वर्षं गावाचे सदरे कापले, मलाही कात्री धरायला त्यावरच शिकवलं.

बाबांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नव्हता. म्हणून खालची खोली त्यांना दिली आणि माझं शिवणकाम माळ्यावर हलवलं. मशीन गेली, कपाट गेलं. फळी मात्र जिन्याच्या वळणावर अडकली. सुताराला बोलावलं. त्यानं टेप लावला आणि म्हणाला, "मधातून कापा लागते, ताई."

मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "कापून टाक, माय. मले काही वाटणार नाही."

त्यांनी ते भिंतीकडे पाहत म्हटलं. सुताराला मी चहा पाजून परत पाठवलं. पुढचा आठवडाभर फळी अंगणात ताडपत्रीखाली पडून होती, आणि ढग आले की माझा जीव खालीवर व्हायचा.

शेवटी शेजारचे चाचा धावून आले. हायवेवर त्यांचं ट्रकचं गॅरेज आहे. अंगणात उभं राहून त्यांनी माळ्याच्या बाहेरच्या दाराकडे पाहिलं. दारावर लोखंडी गर्डर बाहेर आलेला होता. "बेटी, आम्ही इंजन उचलतो," ते म्हणाले, "हे तर लाकूड आहे."

रविवारी सकाळी ते साखळीची कुप्पी, म्हणजे जड वजन उचलायची कप्पी, आणि दोन कारागीर घेऊन आले. कुप्पी गर्डरला टांगली, फळीला गोधड्या गुंडाळून पट्टे बांधले. माझे मिस्टर वर दारात उभे राहिले. चाचा साखळी ओढू लागले, तशी फळी कडकड करत वर निघाली.

दाराशी पोचल्यावर तिचं एक टोक चौकटीला अडलं. मिस्टरांनी ते सोडवायला जोर लावला, तर एक पट्टा सरकला आणि दुसरं टोक एकदम खाली झुकलं. अंगणातून वर लागलेली नजर मी खाली आणली, तर बाबा बरोबर त्याच्याखाली! दोन्ही हात वर करून उभे, जणू ते झेलणारच होते.

"बाबा, सरका!" मी ओरडले आणि त्यांना कवेत धरून मागं ओढलं. आम्ही दोघंही तुळशीजवळ धपकन खाली बसलो.

फळी पडली नाही. कुप्पीनं ती जिथल्या तिथं धरून ठेवली होती. चाचांनी पट्टा नीट करून ती पुन्हा हळूहळू ओढली. मिस्टरांनी टोक आत घेतलं आणि वरून आवाज दिला, "आली!"

"तुम्ही खाली कायले गेलते?" मी बाबांना रागानंच विचारलं.

"पडली असती तं फुटली असती ना," ते म्हणाले.

चाचा हसले, मग मीही हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. चहा झाला, सगळे गेले. त्या दुपारी मी बाबांच्या खाटेशेजारी फरशीवर आडवी झाले. कितीतरी दिवसांनी मला अशी गाढ झोप लागली.